आल्सीड बतिस्तचा मान

आल्सीड बतिस्त लुईझियानाच्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघात अकरा वर्षं पहिल्या फळीत उभा राहिला. काम एकच: समोरचा रेड्यासारखा गडी अंगावर घ्यायचा, डोक्यानं रेटायचा, म्हणजे मागचा गडी चेंडू घेऊन पळायला मोकळा. चेंडू याच्या हाती कधी आलाच नाही. टक्कर बसून डोळ्यांपुढे अंधारी आली की कोच मॅकाडू ओरडायचा, "ऊठ रे! लाजरी नवरी आहेस का?" आणि आल्सीड उठायचा.

चाळिशीत तो घराची वाट चुकायला लागला. एकदा बायकोवर, व्हर्लीनवर, हात उगारला आणि मग तोच हात बघत लहान पोरासारखा रडला. संघाचा डॉक्टर म्हणाला, "दारू कमी करायला सांगा." उभ्या जन्मात आल्सीडनं दारूचा थेंब घेतला नव्हता! शाळेच्या खानावळीत दिवसभर रांधून आलेली व्हर्लीन त्याला घास भरवायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. तिनं मेंदू तपासायला दिला. टकरा खाऊन खाऊन तो ऐंशीच्या म्हाताऱ्यासारखा झिजला होता.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर मॅकाडू घरी आला. हातात आल्सीडची जर्सी, घडी घातलेली. टेबलाशी पर्सी राजमा-भात खात होता. हा पहिल्या फळीत आल्सीडच्या शेजारी उभा राहणारा जुना गडी. चर्च सुटलं की दर रविवारी इथंच जेवायचा.

"पुढच्या रविवारी मैदानात त्याचा मान करायचाय," मॅकाडू म्हणाला. "सगळं स्टेडियम उभं राहील. तू ही घेऊन मधोमध ये."

"स्टेडियम तेव्हाही उभंच होतं, कोच. तो आडवा पडला की टाळ्या वाजवायला."

"त्याचं खेळावर प्रेम होतं गं."

"प्रेम त्यानं केलं. वसूल तुम्ही केलंत."

पर्सीनं मान वर केली. "आल्सीड कुठाय? जेवायला नाही आला?"

व्हर्लीननं मॅकाडूकडे बघितलं.

"सांगा ना," व्हर्लीन म्हणाली. "तुमचाच गडी आहे. तुम्हीच सांगा, आल्सीड कुठं गेला ते."

मॅकाडू टेबलाकडे वळला. "पर्सी, ओळखलंस का मला?"

पर्सी खुर्ची मागे लोटून ताठ उभा राहिला. पँटवर भात सांडला होता. "मी ठणठणीत आहे, कोच! पाठवा मला आत!"

व्हर्लीननं दार सताड उघडलं. "निघा. जर्सी घेऊन निघा. परत या घराची पायरी चढलात, तर उकळतं तेल अंगावर ओतीन."

मॅकाडू पायऱ्या उतरला. गाडी निघून गेली, तरी पर्सी उभाच होता, हाक येईल म्हणून. व्हर्लीननं त्याला खांदे धरून बसवलं आणि चमचा हातात दिला.

"कोच ओरडतील," पर्सी पुटपुटला.

"ओरडू दे मेल्याला," ती म्हणाली. "जेव तू."