काप नाही तर ठिपका नाही

माझ्या आत्याच्या नाकावर राग असतो, असं सगळे म्हणतात. तिच्याइतकं पाहिलं असतं तर त्यांच्याही असता. दगड ती चाटून बघते, कारण ओल्या दगडातले कण उठून दिसतात. लहानपणी मी विचारलं होतं, "आत्या, चव कशी गं?" तर म्हणाली, "तुझ्या बापाच्या स्वयंपाकापेक्षा बरी."

आत्या भूगर्भ खात्यात नकाशे करायची. आमचा भाग सगळा ज्वालामुखीच्या खडकाचा. लाव्हा आला, थिजला, त्यावर पुन्हा आला, असे थरावर थर. कुठल्या थरात कोणती खनिजं आणि तो थर कुठवर पसरलाय, हे नकाशावर रंगवण्यात तिचं आयुष्य गेलं. नोकरीला लागली तेव्हा सर्वेक्षणाला गेलेले लोक सावलीत बसून, लांबूनच डोंगर बघून "काळा आहे ना, मग बेसॉल्टच" असं ठोकून द्यायचे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने भांडून नियम करून घेतला: दगड आणा, त्याचा काप करा, मगच नकाशावर ठिपका. काप म्हणजे दगडाची चकती काचेवर चिकटवून उजेड आरपार जाईपर्यंत घासायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली फेल्डस्पारच्या काड्या, पायरॉक्सिनचे ठोकळे, सगळी खनिजं वेगवेगळी ओळखता येतात. "काप नाही तर ठिपका नाही!" ती दरडावायची. खात्यात तिला तोफ म्हणत. पण तिचा नकाशा बाहेरचे लोकसुद्धा मागवून घ्यायचे. खाली तिचं नाव छापलेलं असे. त्याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

मग आमच्या गल्लीमागच्या टेकडीवर पाण्याची मोठी टाकी बांधायचं ठरलं. नकाशात ती टेकडी अख्खी गडद हिरवी, म्हणजे कठीण बेसॉल्ट. रस्त्यासाठी यंत्राने टेकडीचा पायथा कापला. आत्या सुट्टीत आमच्याकडे आली होती. ती कापलेली बाजू बघायला गेली आणि मी तिच्यामागे. दोन काळ्या थरांच्या मध्ये हातभर राखाडी पट्टा होता. तिने नखाने खरवडून खडा काढला आणि जिभेला लावला.

"जिभेला चिकटला गं. दगड नाही, ही राख आहे."

दोन लाव्हांच्या मधल्या काळात पडलेली राख, जिची पुढे माती झाली. पाणी मुरलं की ती फुगते आणि साबणासारखी बुळबुळीत होते. त्यावर पाण्याची टाकी, आणि टेकडीखाली आमची घरं.

"पण तुझ्या नकाशात हे नाहीये," मी म्हणाले.

"मीच येऊ दिलं नाही."

खात्याच्या मागच्या खोलीत फुकट गेलेल्या नमुन्यांचे ट्रे पडलेले होते. तिने ते सगळे उपसले. लोकांनी राखेचे नमुने इमानेइतबारे आणले होते. आमच्या टेकडीचे, आणि तिच्या पलीकडे शाळेच्या मागचेसुद्धा. कापायच्या यंत्रावर पाणी सुटतं, त्यात कापायला घेतलेला तुकडा विरघळून जायचा आणि उरलेला ट्रेमध्ये पडून राहायचा. काप झाला नाही, म्हणून ठिपका पडला नाही, आणि रिकाम्या जागेत शेजारचा हिरवा रंग भरला गेला.

तिने साहेबांना सांगितलं, "नकाशा मागे घ्या."

"मॅडम, निवृत्तीला आलात. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?"

"धोंडा असता तर बरं होतं, साहेब. चिखल आहे तो."

साहेबांनी हात झटकले. मग ती नागरिकांच्या सभेत उभी राहिली. समोर टाकीवाल्या इंजिनिअरने तिचाच नकाशा टांगला होता. "हा माझा नकाशा आहे आणि तो चुकलाय," ती म्हणाली.

"तेव्हा चुकलात, मग आज बरोबर आहात कशावरून?" इंजिनिअर म्हणाला आणि लोक हसले. आमचे शेजारी, ज्यांच्या डोक्यावर ती टाकी येणार होती, तेही फिदीफिदी हसले! मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

आत्या बसली नाही. "लाज सोडून सांगतेय, ते काय हौस म्हणून? त्या पट्ट्यावर पाण्याची नळी लावून ठेवा आणि मग हसा."

इंजिनिअरने मिजाशीत नळी लावली. संध्याकाळपर्यंत राखाडी चिखल भळभळून बाहेर आला आणि वरचा घराएवढा काळा दगड रस्त्यावर कोसळला. टाकी दुसरीकडे गेली. आत्याची माफी मात्र एकानेही मागितली नाही. शेजाऱ्यांनी तर "आम्हाला आधीच शंका होती" असं सांगायला सुरुवात केली.

ती निवृत्त झाल्यावर नकाशाची नवी आवृत्ती निघाली. आमच्या जेवणाच्या टेबलावर तिने ती पसरली. टेकडी तशीच गडद हिरवी. शाळेची बाजूही हिरवी. राखाडी रेघ कुठेच नाही. मी खाली पाहिलं. तिच्या नावाची जागा कोरी होती.

"मेल्यांनी तुझं नाव काढलं!" मी ओरडले.

"काढू दे गं नाव!" तिने टेबलावर हात आपटला. तिचा आवाज फाटला होता. "निदान आधी कुणाला शिव्या घालायच्या ते तरी खाली छापलेलं होतं. आता उद्या त्या शाळेवर टेकडी आली, तर आयाबापांनी कुणाची गचांडी धरायची?"