ऊनबाई आणि साहेबांचा ट्रे

कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं उन्हावर दात धरून असलेली बाई म्हणजे ऊनबाई. नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं; खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. तिचं काम म्हणजे लगद्याचे नमुने खिडकीत ठेवायचे आणि ते किती पिवळे पडले ते मोजून लिहायचं. लाकडाला ताठ उभं करणारं लिग्निन कागदात उरलं की त्याला ऊन सोसत नाही. त्या धसक्याने ती घरातही पडदे ओढून बसे. नवरा पाहुण्यांना सांगायचा, मी लग्न वटवाघळाशी केलंय.

आणि एके दिवशी घोळ झाला. धांदलीत सांडपाण्याची एक बशी खिडकीत राहिली, त्यात कागद पांढरा करायची टिटॅनियमची पूड सांडलेली. चहासारखं तपकिरी पाणी दोन दिवसांनी बघते तर फिकट! जे ऊन कागदातलं लिग्निन पिवळं करतं, त्यानेच पुडीला हाताशी धरून पाण्यातल्या लिग्निनचे तुकडे पाडले होते. म्हणजे जन्मभर ज्याला चोर म्हटलं, तो घर झाडून-पुसून गेला होता! बाई हरखली. त्या संध्याकाळी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं आणि नवऱ्याला हकिगत तीनदा ऐकवली.

तिने पुन्हा एका ट्रेमध्ये करून पाहिलं, गाळून बाटली भरली आणि मोठ्या साहेबांपुढे ठेवली. साहेब हसून म्हणाले, "बाई, नळाचं पाणी मलाही ओळखता येतं."

सगळी प्रयोगशाळा हसली. बाईला ते फार लागलं. एकतीस वर्षांत तिने एक आकडा खोटा लिहिला नव्हता.

"मग उद्या ट्रे तुम्हीच सांभाळा," ती म्हणाली. "मी हात लावणार नाही."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी साहेबांनी गटारातून पाणी स्वतः भरलं, पूड स्वतः टाकली आणि गच्चीवर स्टूल टाकून ढवळत बसले. दहा वाजता धुराड्याची सावली आली. बाईने हात पाठीमागे बांधलेलेच. तिने नुसतं सांगितलं, साहेबांनी ट्रे सरकवला. मग टाकीची सावली आली, मग एक ढग आला, तो जातो न जातो तोच दुसरा. दुपारी डोक्याला रुमाल बांधून, ट्रे पोटाशी धरून साहेब गच्चीभर उन्हामागे धावताहेत, बूट भिजलेत, आणि पुढे बाई मानेनेच दिशा दाखवतेय! खालच्या अंगणात कामगार डबे सोडून उभे होते आणि वर बघून मोकळ्या पटांगणातलं ऊन सुचवत होते. हसून हसून बाईच्या पोटात दुखायला लागलं. ढगाला पहिली शिवी साहेबांनीच घातली.

चार वाजता त्यांनी स्वतः पाणी गाळलं. पेल्यात उरला तो जेमतेम पिवळसर रंग. साहेबांनी पेला उन्हात धरला, फिरवून पाहिला. नळाचं नाव काढायची सोय नव्हती. ट्रे सकाळपासून त्यांच्याच हातात होता.

दोघं खाली आले. बाईने नमुना रंग मोजायच्या यंत्रात ठेवला आणि सवयीने वही ओढली. साहेबांनी ती आपल्याकडे घेतली, पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही सांगा, बाई. मी लिहितो."

तिने आकडा सांगितला. साहेबांनी यंत्राकडे न पाहता लिहून घेतला.