मागच्या स्प्रिंगा

रविवार सकाळ, तिवस्याजवळचं मोकळं शेत. हजर: माझे धाकटे दीर, त्यांची शर्यतीची गाडी, माझे यजमान आणि पाणी, डबा, जादा टॉवेल घेऊन मी.

वस्तूला थोपटल्याशिवाय, हलवल्याशिवाय आणि तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय ती विकत न घेणारा माझ्या दिरासारखा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल. कुकर घेताना त्यांनी दुकानातच शिटी करायला लावली. फ्रीज घेताना त्याच्या पोटाला कान लावला. नांदगाव खंडेश्वरला त्यांचा भाजीचा मळा. त्यांची जुनी गाडी आठवडाभर वांगी घेऊन अमरावतीच्या बाजारात येते आणि सुट्टीला हौशी शर्यतीत धावते. धावते म्हणजे निघते. शेवटच्या रेषेपर्यंत ती कधीच पोचली नव्हती. एकदा टायर गेला, एकदा भाऊजी स्वतःच उतरून दुसऱ्याची चिखलात रुतलेली गाडी ढकलत बसले. यंदा मागच्या स्प्रिंगाच बसल्या. "वयनी, या खेपेले पोचाचंच हाय," म्हणाले, आणि मला घेऊन अकोल्याला निघाले.

जुन्या शहरातल्या भंगाराच्या दुकानांत भाऊजी एकेका स्प्रिंगवर चढून डुलून पाहत होते.

"काका, स्प्रिंग घेऊन राह्यले का झुला?" दुकानदाराने विचारलं.

"झुलाच समज. फक्त मोडाचा नाई."

एक जोडी पसंत पडली. शनिवारी मिस्त्रीने ती बसवली आणि रविवारी शेतात घोटाळा कळला. गाडी किती उचलायची याचं माप भाऊजींनी बाजाराच्या दिवशी, डिकीत वांग्यांचे कॅरेट असताना घेतलं होतं! रिकामी गाडी आता मागून अशी वर झाली होती, जणू खाली वाकून काही हरवलेलं शोधते आहे. शर्यतीआधी एक फेरी मारून पाहिली, तर वळणावर मागची चाकं जमिनीला टेकेनात. वजन हवं होतं.

"माल चालणार नाही काका," आयोजक म्हणाले. "माणसं चालतील, हेल्मेट घालून."

भाऊजींनी आमच्याकडे पाहिलं.

"माह्याकडं काहून पाहून राह्यला बे?" यजमान ओरडले.

"बस ना दादा. वयनी, तुमीबी."

मी पदर खोचला, आम्ही दोघं हेल्मेट घालून मागच्या सीटवर चढलो. यजमान डोळे मिटून बसले, भाऊजी प्रत्येक वळणावर गाडीची समजूत काढत राहिले, आणि मी, खरं सांगते, लहान मुलीसारखी हसत होते. सगळ्या गाड्या पुढे गेल्या. आम्ही सगळ्यांत शेवटी आलो, पण रेषा ओलांडून आलो.

इंजिन बंद करून भाऊजी तसेच बसून राहिले. हात स्टिअरिंगवरच.

"पोचलो ना, वयनी?"

"पोचलो, भाऊजी."

त्या स्प्रिंगा अकोल्याला नेऊन बदलायच्या आहेत. परवा मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "जाऊ ना. पन मंग मांगं कोन बसन?"

मी पुन्हा विचारलं नाही. ते काम राहिलं आहे.