पोटरीवरचे गुलाबी ठिपके

मंडळी, ड्युटी संपवून थेट कॅफेत येऊन बसलेय. पाय दुखताहेत, पण हे आज कुणाला तरी सांगायचंच होतं.

मी गडचिरोलीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पंधरवड्यापूर्वी धानोऱ्याकडच्या सुमनबाई आमच्याकडे आल्या. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळताना त्यांच्या लुगड्यानं पेट घेतला आणि उजवा पाय भाजला. त्यांचं ड्रेसिंग रोज मीच करते. त्या ओरडतात, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. खरं तर आता मीही थकलेय.

आज पट्टी काढली, तर पोटरीवरच्या जखमेत मधोमध बारीक गुलाबी ठिपके दिसले.

"पू झाला का बाई?" त्या घाबरल्या.

"नाई, ही नवी कातडी आहे. केसांच्या मुळाशी मूळ पेशी असतात. त्या केस वाढवतात, अन् जखम झाली का कातडीबी बनवतात."

त्या कितीतरी दिवसांनी हसल्या. "मंग घोट्यापाशी कवा येईल?"

तिथं भाजणं खोल होतं, केसांची मुळंच उरली नव्हती. मांडीची कातडी लावायला नागपूरला जावं लागेल, असं डॉक्टर कालच म्हणाले होते. ते मला सांगावं लागलं.

सुमनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. तशाच म्हणाल्या, "मले एकटीले भेव वाटते. तू चाल संगं."

मी हो म्हणून बसले. रजा मिळेल की नाही, माहीत नाही. तुम्हाला नाही म्हणता आलं असतं का?