मोरचूद, पालक आणि माझं डावं मनगट

"हा दिवा तुम्हाला दिला कुणी?" डॉक्टरीणबाई मास्कच्या आतून ओरडत होत्या. आयर्लंडमधल्या आमच्या कॉर्क बंदरातली जहाजं भोंगा समजून निघाली असतील, एवढा आवाज.

मी म्हटलं, कुणी दिला नाही, आमच्याच लॅबमधला आहे.

"तुम्ही केमिस्ट ना? मग दिव्यावरची वेव्हलेंग्थ वाचता येत नाही?"

२०२० च्या उन्हाळ्याअखेरीस मला अधिकृतपणे कळलं ते असं. व्हिटिलिगो. म्हणजे कोड. अंगातली संरक्षणयंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच शत्रू समजून मारते.

मनगटावर पांढरा ठिपका मार्चमध्येच आला होता, मुगाच्या डाळीएवढा. त्याच दिवशी जेवताना सासऱ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, पोळी ताटाबाहेर सारली आणि भात मागितला. सासरे म्हणजे नागपूरचे निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर. दोन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यावर आमच्या सोफ्यावर कायमचे रुजले.

माझं संशोधन पालकावर. कोवळ्या रोपांना मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, जास्त पाजायचं आणि पानं कशी फिकट पडतात ते मोजायचं. सासरे म्हणाले, "मोरचुदात हात घालशील तर दुसरं काय होईल?" झालं. माणूस माझ्या हातची पोळी खात नाही, यापुढे मला पुरावा नको होता.

मग युद्ध पेटलं. मी रोज तुपाने निथळणाऱ्या पोळ्या त्यांच्यापुढे आदळायची. ते एका बोटाने ताटली परत ढकलायचे. नवरा कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत जो गेला, तो मला वाटतं फक्त ख्रिसमसला बाहेर आला.

हॉस्पिटलची तारीख लांब होती. या रोगावर अतिनील प्रकाशाचे उपचार असतात, एवढंच मी वाचलं. टाळेबंदीनंतर लॅब उघडताच काचेच्या प्लेटवरचे रसायनांचे डाग बघायचा अतिनील दिवा घेतला आणि मनगट त्याखाली धरलं. दहा मिनिटं. संध्याकाळपर्यंत हात असा तापला की शेजाऱ्यांनी त्यावर टोस्ट भाजून घेतले असते. आणि काही आठवड्यांनी ठिपका भाजलेल्या जागेभर पसरला. डाळीचा पापड झाला.

याला कोबनर फिनॉमिनन म्हणतात. जिथे कातडीला इजा, तिथे रंग जातो. उपचाराचा प्रकाश तीनशे अकरा नॅनोमीटरचा, मोजूनमापून दिलेला. माझा दोनशे चोपन्नचा, जंतू मारायच्या लायकीचा. तुमच्यापैकी कुणाला ठिपका दिसला, तर वाट बघा. शहाणपणा करू नका. माझ्याएवढं शिकलेले असाल, तर मुळीच नको.

ओरडून झाल्यावर बाईंनीच मलम लावलं, उपचार सुरू करून दिले, आणि म्हणाल्या, "यू'ल बी ग्रँड." म्हणजे इकडच्या बोलीत, व्हाल बऱ्या. त्यांचे उपकार आहेत. पापड आहे तिथेच आहे. मी बाही खाली ओढणं सोडलं.

त्या ओरडण्याच्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी येऊन सासऱ्यांसमोर उभी राहिले आणि सगळं सुनावलं. हे स्पर्शाने होत नाही, मोरचुदाने होत नाही, तुमच्या पोळी ढकलण्यापायी मी हात जाळून घेतला. आता तरी माझ्या हातची खाणार का?

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"माझी कवळी मार्चमध्येच तडकलीय," ते म्हणाले. "आणि तुझ्या पोळ्या चामट असतात."