तिन्ही ठिकाणी तेवढाच करंट

शनिवारी इकडे उत्तरेत, विद्याधर नगरमधल्या एका कोचिंग क्लासला मी पर्समध्ये अ‍ॅमीटर घालून गेले. सोबत चार सेल, तीन रेझिस्टर आणि वायरी... हो, भांडायलाच गेले होते.

झालं असं, की माझ्या दहावीतल्या सईला तिथल्या टेस्टमध्ये गणित होतं. सहा व्होल्टची बॅटरी, तिला दोन, चार आणि सहा ओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये. शेवटच्यातून करंट किती? तिनं लिहिलं, अर्धा अँपिअर. सरांच्या छापील उत्तरात होता एक.

तेवढ्यावरून तिला खालच्या बॅचमध्ये टाकणार होते. सरांचं उत्तर वीस वेळा लिहून दिलं तर माफी!

आणि मी काय म्हणाले? "लिहून टाक गं, कशाला वाद..." सोलापूरची फिजिक्सची बी.एस्सी. मी! सांगतानाही लाज वाटते.

सई एवढंच म्हणाली, "आई, पण मतलब... बरोबर माझं आहे ना?"

मग कित्येक वर्षांनी कागद घेतला. सगळे मिळून बारा ओहम, सहा भागिले बारा, अर्धा. सरांनी बॅटरीचे सहाच्या सहा व्होल्ट एकट्या शेवटच्या रेझिस्टरला देऊन टाकले होते. माझं डोकंच फिरलं.

क्लासमध्ये पालक सरांपुढे हात जोडून उभे राहतात. मी सरळ त्यांच्या टेबलावर सर्किट मांडलं. सोबत आलेल्या सईनं मीटर तीन ठिकाणी लावून दाखवला. तिन्ही वेळा काटा त्याच रेघेवर, अर्ध्याच्या जरासा खाली.

"आधा भी कहाँ है, मैडमजी?" सर हसले.

"सेल का अपना रेज़िस्टेंस भी होता है, सर," सई म्हणाली.

सरांचं हसू गेलं. "ठीक है, इसके नंबर बढ़ा देते हैं."

मी जिंकल्यासारखी वायरी गोळा करायला लागले. सई मात्र जागची हलली नाही. "सिर्फ मेरे नहीं, सर. निशा ने भी यही लिखा था. उसे तो आपने कल ही नीचे भेज दिया."

सोमवारी निशा वरच्या बॅचमध्ये परत आली. चूक कुणाची होती, हे सरांनी वर्गात सांगितलं नाही... म्हणून मी इथे सांगतेय.

सई, माझं ऐकलं नाहीस. थँक यू.