किल्ली दिलेलं घड्याळ

खरं बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण खरं तोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे डोंबिवलीला आमच्या बिऱ्हाडासमोर ज्यांची पेढी होती ते सोनारकाका. पन्नास सालानंतरची गोष्ट, मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो. काकांचा काटा काचेच्या पेटीत असे आणि त्या पेटीचं सोवळं देव्हाऱ्यापेक्षा कडक. तोलताना ते तोंडाला उपरणं बांधत आणि समोरच्याला दटावत, "श्वास धरा!" मग गिऱ्हाईक श्वास धरी, त्याची बायको धरी, लग्नाच्या खरेदीला आलेले दहा-बारा पाहुणे गाल फुगवून उभे राहत. एका विहीणबाईंना नेमकी तेव्हाच शिंक आली, तर काकांनी सगळे दागिने पहिल्यापासून तोलले. रिकाम्या वेळी ते मोगऱ्याचं फूल तोलत, स्वतःच्या मिशीचा केस तोलत. माझ्या बायकोने दिलेल्या तिळगुळातला एक तीळ तोलून "यंदाचा तीळ हलका आहे हो," असा निकालही त्यांनी दिला होता. "माझ्या काट्याला दिसत नाही असं वजन ब्रह्मदेवाने घडवलेलंच नाही, मास्तर!" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळे.

अशा माणसापुढे मी जीभ आवरायला हवी होती. पण तेव्हा माझ्या अंगात नवं विज्ञान संचारलेलं होतं. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, नुसतं रूप बदलते, आणि ऊर्जेलाही वस्तुमान असतं, हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं. पेढीवर बसल्या बसल्या मी काकांनाही ऐकवलं, "तुमच्या त्या खिशातल्या घड्याळाला किल्ली दिलीत की बोटांची ताकद स्प्रिंगेत साठते. म्हणून किल्ली दिलेलं घड्याळ बंद घड्याळापेक्षा जड असतं. तापलेलं सोनंसुद्धा गार सोन्यापेक्षा जड!"

काकांनी चष्मा काढला. "हे तुम्ही पोरांना शिकवता?"

"हो."

"आणि त्यांचे आईबाप गप्प बसतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापलीकडून आरोळी आली, "मास्तर! चहा राहू द्या, आधी इकडे या!" पारडं भाजू नये म्हणून काकांनी त्यात अभ्रकाचा तुकडा घालून एक अंगठी गार असताना तोलली होती, मग शेगडीत तापवून पुन्हा तोलली होती, आणि पारडं वर गेलं होतं! "हलकी झाली! तुमचं शास्त्र उलटं!" काका अक्षरशः नाचत होते. दुपारपर्यंत मास्तर खोटं शिकवतो ही बातमी भाजीवालीपर्यंत पोचली आणि शेवटच्या तासाला माझा वर्ग मला बघून हसू लागला. नवीन मास्तराला वर्ग एकदा हसला की त्याचं काही खरं नसतं. माझी झोप उडाली.

मी काकांना समजावलं की गरम अंगठीभोवतीची हवा तापते, वर चढते आणि पारड्याला खालून उचलते. लबाडी हवेची आहे. काका एकदम गंभीर झाले. "म्हणजे माझा काटा फसतो?" त्या दिवसापासून दागिना पुरता गार झाल्याशिवाय त्यांनी तोलला नाही. कल्याणचं एक वऱ्हाड मंगळसूत्र गार व्हायची वाट पाहत ताटकळलं, भटजी चिडले, तरी काका म्हणाले, "मुहूर्त टळला तर दुसरा मिळेल. पण तोलातली गुंज चुकता कामा नये."

घड्याळ मात्र ते रोज सकाळी तोलत, आधी बंद, मग किल्ली देऊन. काटा हलेना. अखेर मी हिशेब सांगितला. गुंजेचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी करा, त्यातले पाचसात भाग, एवढीच वाढ. काकांनी घड्याळ पारड्यातून उचलून कानाला लावलं.

"पण आहे?"

"आहे."

दुसऱ्या दिवशी, न बोलावता, काटा छातीशी धरून ते माझ्या वर्गात आले. मुलांना श्वास धरायला लावून त्यांनी घड्याळ दोनदा तोललं आणि म्हणाले, "बघा, फरक दिसत नाही. तरी तो आहे. मास्तर खरे आहेत, माझा काटा अपुरा आहे." जन्मभर ज्या काट्यावर नाव उभं केलं, त्याला चाळीस पोरांसमोर अपुरा म्हणायला केवढी छाती लागते! सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते उगीच नाही. त्यानंतर वर्ग मला कधी हसला नाही.

पुढे माझी बदली ठाण्याला झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा काका बरेच थकले होते. त्यांनी तेच घड्याळ काढलं, अंगठा दुखत असताना शेवटच्या पिळापर्यंत किल्ली दिली आणि माझ्या हातात ठेवलं. "तोलून बघू नका, दिसायचं नाही. पण हलकं दिलेलं नाही, मास्तर."

काका त्याच वर्षी गेले. त्यांनी किल्ली दिलेलं घड्याळ तर मी ठाण्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी थांबलं होतं. नियमाप्रमाणे त्यांच्या बोटांतली ती ताकद नष्ट झालेली नाही. टिकटिकीतून निसटून, ऊब होऊन ती आमच्या ठाण्याच्या खोलीत आणि मग कुठे कुठे पसरली असेल. हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण ती परत गोळा करता येत नाही हे शिकवताना माझा आवाज अजून जड होतो. रोज सकाळी मी त्या घड्याळाला किल्ली देतो, आणि देताना श्वास धरतो.